डंकावर जाण्याआधी: मसाल्याच्या पुडीतली भेसळ हातातल्या स्पेक्ट्रोमीटरने कशी पकडायची

मोबाइलला जोडलेलं काडेपेटीएवढं यंत्र (स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे वस्तूवरून परत आलेला प्रकाश मोजणारं) हळदीवर टेकवायचं, बटण दाबायचं, आणि स्क्रीनवर ‘शुद्ध’ किंवा ‘भेसळ’ असा शब्द उमटणार, अशा जाहिराती बघून कुणी यंत्र घ्यायला निघालं असेल तर जरा थांबा. यंत्र बरं असतं, जाहिरात अर्धी असते. शुद्ध हळद म्हणजे काय हे त्या यंत्राला ठाऊक नसतं. ही पूड मला आधी दाखवलेल्या पुडींसारखी आहे की वेगळी आहे, एवढंच ते सांगू शकतं. आधीच्या पुडी कोणत्या दाखवायच्या हे ठरवणं तुमचं काम, आणि सगळी मेहनत तिथेच लागते.

हा लेख लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आहेत ते वाशीच्या मसाला मार्केटमधून किंवा मशीद बंदरहून पोत्याने माल उचलणारे छोटे उत्पादक, मालवणी किंवा आगरी मसाला विकणारे बचत गट, आणि फूड टेक्नॉलॉजीची मुलं. महिन्याला पाव किलो हळद लागणाऱ्या घराने या फंदात पडू नये. हळकुंडं आणावीत, फोडून दळून घ्यावीत, इतकं पुरे.

कशात काय मिसळतात, आणि यंत्राला काय दिसतं

निअर-इन्फ्रारेड, म्हणजे बोलीभाषेतलं एनआयआर, हा डोळ्यांना न दिसणारा ७८० ते २५०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश. तो पुडीवर पडला की कार्बन-हायड्रोजन, ऑक्सिजन-हायड्रोजन आणि नायट्रोजन-हायड्रोजन हे बंध त्याचा थोडा भाग शोषतात. पाणी, स्टार्च, तेल, प्रथिनं आणि तंतू या सगळ्यांत हे बंध असतात, पण प्रत्येकात प्रमाण आणि मांडणी निराळी. म्हणून परत आलेल्या प्रकाशाची वक्ररेषा पाहून पुडीत या घटकांचं मिश्रण कसं आहे ते कळतं.

ज्या पदार्थात हे बंधच नाहीत, तो या प्रकाशाला दिसत नाही. हळदीला पिवळाधमक रंग आणायला वापरतात ते लेड क्रोमेट म्हणजे शिसं, क्रोमियम आणि ऑक्सिजन. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन. विटेची भुकटीही तशीच: कच्च्या मातीत पाण्याशी संबंधित काही खुणा असतात, भट्टीत भाजल्यावर त्या बहुतेक जातात. अशा वस्तू मोठ्या प्रमाणात असतील तर ‘मिरचीचं मिरचीपण कमी झालंय’ इतकं एनआयआर दाखवील, पण कशामुळे ते सांगणार नाही.

म्हणून कामाला लागण्यापूर्वी एका कागदावर दोन रकाने पाडा. पहिल्यात वजन वाढवणारी भेसळ: तांदळाचं किंवा मक्याचं पीठ, कोंडा, लाकडाचा भुसा, शेंगदाण्याची टरफलं, मिऱ्यात पपईच्या बिया, मिरचीत जादा देठ, हळदीत रानहळद, आणि तेल-सत्त्व काढून उरलेला चोथा. दुसऱ्यात रंग वाढवणारी भेसळ: हळदीत लेड क्रोमेट आणि मेटॅनिल यलो हा कृत्रिम रंग, मिरचीत ‘सुदान’ नावाचे कृत्रिम रंग. पहिला रकाना एनआयआरचा. दुसऱ्यासाठी वेगळी यंत्रं लागतात, त्यांच्याकडे पुढे येतो.

ही विभागणी व्यापाराच्या हिशेबालाही धरून आहे. पीठ मिसळणारा माणूस दोन टक्के मिसळून काय कमावणार? त्याला फायदा व्हायला दहा-पंधरा टक्के तरी घालावं लागतं, आणि तेवढं एनआयआरला सापडतं. रंगाचं उलट आहे. फटकी, म्हणजे रंग उडालेली मिरची लालभडक दिसायला चिमूटभर रंग पुरतो, आणि ती चिमूट एनआयआरच्या आवाक्यात नाही.

चोथ्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण हा प्रकार हुशारीचा आहे. ओलिओरेझिन, म्हणजे तेल-सत्त्व, काढून घेतल्यावर उरलेली मिरची किंवा हळद शेवटी मिरची आणि हळदच असते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी त्याच दिसतात, त्यामुळे बाहेरची वस्तू शोधणारी चाचणी फसते. एनआयआरला मात्र तेलाचे उंचवटे बसलेले लगेच दिसतात. माझ्या मते या यंत्राचा सगळ्यात चांगला उपयोग हाच.

यंत्र कोणतं घ्यावं

बाजारात तीन जातीची छोटी यंत्रं मिळतात. सगळ्यात स्वस्त ती सिलिकॉन डिटेक्टरची, साधारण ७४० ते १०७० नॅनोमीटरपर्यंत बघणारी. या पट्ट्यात खुणा फिक्या आणि एकमेकींवर चढलेल्या असतात. फळातली साखर वगैरेसाठी ठीक, मसाल्यासाठी मी घेणार नाही. दुसरी इंडियम-गॅलियम-आर्सेनाइड डिटेक्टरची, ९०० ते १७०० नॅनोमीटरची. कामापुरती हीच बरी. तिसरी २५०० पर्यंत जाणारी. स्टार्चचा २१०० जवळचा आणि तेलाचा २३१० जवळचा ठळक पट्टा त्यांना दिसतो, पण किंमतही तशीच चढते.

घेण्यापूर्वी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: कच्चा वर्णपट, म्हणजे प्रत्येक तरंगलांबीचा आकडा, फाइलमध्ये बाहेर काढता येतो का? फक्त हिरवा-लाल दिवा दाखवणारं बंद ॲप असेल तर ते यंत्र कितीही देखणं असो, सोडून द्या. परदेशात दुसऱ्याच जातीच्या मिरचीवर बसवलेलं मॉडेल, म्हणजे वर्णपटावरून निकाल देणारं गणित, तुमच्या बेडगीला काय म्हणेल याचा भरवसा नाही.

बचत गटाने एकट्याने खर्च करण्यापेक्षा जवळच्या कॉलेजच्या फूड सायन्स किंवा रसायनशास्त्र विभागाशी बोलावं. मुंबईत माटुंग्याची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी आहे, आयआयटी मुंबईत विश्लेषण उपकरणांची केंद्रीय सुविधा आहे. विद्यार्थ्यांना प्रकल्प हवे असतात, तुमच्याकडे खरे नमुने असतात. व्यवहार जमतो.

संदर्भ संच: इथे घाई करू नका

शुद्ध पूड विकत आणून संदर्भ म्हणून वापरणं हा पहिला मोह. तो टाळा. पाकिटावर कितीही मोठं नाव असलं तरी आत काय आहे हे तुम्ही पाहिलेलं नाही. खडा मसाला आणायचा, निवडायचा, आणि स्वतःच्या डोळ्यांदेखत, कोरड्या पुसलेल्या मिक्सरमध्ये दळायचा.

मिरचीच्या संचात बेडगी, काश्मिरी, गुंटूर, संकेश्वरी, लवंगी, पांडी हव्यात. बेडगी रंगाला, लवंगी तिखटाला. आतली रचनाही सारखी नाही. फक्त बेडगीवर शिकवलेलं यंत्र लवंगीला बिनदिक्कत भेसळ म्हणेल. हळदीत सांगलीकडची राजापुरी, सेलम, हिंगोली-वसमतकडची घ्या. प्रत्येक जातीची एकच पिशवी नको. वेगवेगळ्या दुकानांतून, वेगवेगळ्या महिन्यांत, नवं पीक आणि कोल्ड स्टोरेजमधलं जुनं, असे एकूण चाळीस-पन्नास तरी वेगळे लॉट एका मसाल्यासाठी जमवा. एका पिशवीतून पन्नास वाचनं घेतली म्हणजे पन्नास नमुने झाले असं नाही. तो एकच नमुना.

हळकुंडाबाबत सावध राहा, कारण खडा मसाला म्हणजे आपोआप शुद्ध असं हळदीत धरता येत नाही. बांगलादेशात लेड क्रोमेट पुडीत नव्हे, तर हळकुंडं पॉलिश करतानाच चोळलं जात होतं. एकसारखी, झळाळती, हाताला पिवळा रंग सोडणारी हळकुंडं संदर्भ संचात घेऊ नका. एक फोडून बघा: बाहेरची साल आतल्या गाभ्यापेक्षा जास्त चमकदार पिवळी दिसली तर ती पिशवी बाजूला. ज्यांना शक्य आहे त्यांनी संदर्भाच्या हळदीची शिशाची चाचणी प्रयोगशाळेतून करून घ्यावी. पाया कच्चा राहिला तर वरचं सगळं गणित वाया.

मिरचीचा देठ ठेवायचा की काढायचा हेही आत्ताच ठरवा आणि वहीत लिहा. सरकारी मानकानुसार मिरचीपुडीत लेबलवर सांगून २ टक्क्यांपर्यंत खाद्यतेल घालता येतं. म्हणून काही संदर्भ पुडींत मुद्दाम १ आणि २ टक्के तेल घालून त्याही संचात ठेवा, नाहीतर कायदेशीर तेलालाच यंत्र ओरडत बसेल.

मुद्दाम केलेली भेसळ

आता उलटं काम. शुद्ध पुडीत वजन करून भेसळ घालायची: १, २, ५, १०, १५, २०, ३० टक्के. काटा ०.०१ ग्रॅमचा हवा, प्रत्येक मिश्रण वीसेक ग्रॅमचं पुरे. सगळं एकदम ओतून ढवळलं की गुठळ्या राहतात. भेसळीचा पदार्थ घ्या, त्यात तेवढीच पूड घालून घोटा, मग झालं तेवढं पुन्हा घाला, असं दुपटी-दुपटीने वाढवत न्या.

मिश्रणं एकाच जातीच्या मिरचीत करू नका. बेडगीत १० टक्के कोंडा आणि लवंगीत १० टक्के कोंडा ही यंत्राच्या दृष्टीने दोन निराळी प्रकरणं आहेत.

लेड क्रोमेट, सुदान, मेटॅनिल यलो यांची मिश्रणं घरी किंवा मसाल्याच्या कारखान्यात अजिबात करायची नाहीत. शिसं विषारी आहे, आणि त्याची धूळ डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीवर, गेली तर पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मसाल्यात जाईल. पीठ-कोंड्याच्या मिश्रणांच्या बाटल्यांवरही मोठ्या अक्षरांत ‘खाण्यासाठी नाही’ लिहा आणि स्वयंपाकघरापासून लांब ठेवा.

नमुना काढणं, चाळणं आणि मुंबईची हवा

पन्नास किलोच्या पोत्यातून वरची मूठ उचलली तर पोत्याबद्दल काहीच कळत नाही. पोत्यात खुपसायच्या नळीने वरून, मधून आणि तळातून पूड काढा, कागदावर ढीग करा, चपटा करा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन भाग ठेवा, बाकीचे परत पोत्यात. शंभर ग्रॅम उरेपर्यंत हेच करत राहा.

मग चाळणी. जाड पूड आणि बारीक पूड प्रकाश वेगवेगळा विखुरतात, आणि वक्ररेषा वर-खाली सरकते. ही सरकणारी रेषा नवशिक्याला भेसळ वाटते. सगळे नमुने, संदर्भाचे आणि तपासायचे, एकाच ४० मेशच्या चाळणीतून काढा. चाळणीवर उरलेला भरडा फेकू नका, तो पुन्हा दळून त्यातच मिसळा. नाहीतर देठ आणि भुसाच चाळणीवर राहील आणि खाली उतरलेली मिरची शुद्ध ठरेल.

पाण्याचं शोषण एनआयआरमध्ये जबरदस्त असतं, १४५० नॅनोमीटरजवळ मोठा डोंगरच दिसतो. मुंबईत जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते, आणि बशीत उघडी ठेवलेली मिरचीपूड बघता बघता ओल धरते. मे महिन्यातल्या खडखडीत उन्हात वाळवलेल्या मिरच्यांवर शिकवलेलं मॉडेल जुलैत प्रत्येक नमुन्याला संशयित ठरवू लागतं. यावर दोन उपाय, आणि दोन्ही करावेत. एक, वाचनाआधी नमुना उघड्या बशीत, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत रात्रभर ठेवा. दोन, संदर्भ संचातल्या निदान दहा पुडी मुद्दाम कोरड्या, मध्यम आणि दमट अशा तिन्ही अवस्थांत वाचून मॉडेलला दाखवा. मानकात ओलाव्याची कमाल मर्यादा मिरचीपुडीला ११ टक्के आणि हळदीपुडीला १० टक्के आहे; त्या आकड्यांच्या दोन्ही बाजूंचा माल मॉडेलने पाहिलेला असावा. ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वाळवून मग वाचन घेऊ नका. पाण्याबरोबर सुगंधी तेलंही उडतात आणि नमुना बदलतो.

फ्रिजमधून काढलेली पूड खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. थंड पुडीवर दव धरतं, शिवाय तापमानाने पाण्याचा डोंगर थोडा सरकतो.

वाचन

यंत्र चालू करून दिवा वीस-तीस मिनिटं तापू द्या. आधी अंधाराचं वाचन, मग पांढऱ्या टाइलचं. ही टाइल म्हणजे तुमचा शून्याचा दगड. हळदीच्या बोटांनी तिला हात लावला की पिवळा डाग जन्माचा. दर दहा नमुन्यांनंतर टाइल पुन्हा वाचा.

पूड काचेच्या सपाट बशीत किमान एक सेंटिमीटर थराने भरा, तीन-चारदा टेबलावर आपटून बसवा आणि वरून सपाट करा. थर पातळ राहिला तर प्रकाश आरपार जाऊन खालच्या टेबलाचा वर्णपट घेऊन येतो. यंत्राचा प्रकाशाचा ठिपका काही मिलिमीटरचाच असतो, म्हणून बशी फिरवत वेगवेगळ्या आठ-दहा जागी वाचा आणि सरासरी घ्या. आठांपैकी एक वाचन बाकीच्यांपासून फटकून असेल तर ते पुसू नका. त्या जागी गुठळी आहे का बघा. नीट न मिसळलेली भेसळ अशीच हाती लागते.

रोज सकाळी एकाच बाटलीतल्या, सीलबंद ठेवलेल्या पुडीचं वाचन घ्या. ते कालच्याशी जुळलं नाही तर त्या दिवशी मालावर निकाल द्यायचा नाही.

गणितापूर्वी डोळे

फाइल उघडून आधी सगळ्या वक्ररेषा एकावर एक काढून नुसत्या पाहा. १२०० च्या आसपास तेल-तंतूंचा उंचवटा, १४५० ला पाणी, १५०० ते १५३० च्या टापूत प्रथिनांचा हलका खांदा, १७०० कडे जाताना पुन्हा तेलाची चढण. मिरचीपुडीत तेलाची चढण बसलेली दिसली तर चोथ्याचा किंवा देठाचा संशय घ्या.

मग साफसफाई. दोन्ही टोकांचे गोंगाटाचे वीस-तीस नॅनोमीटर कापा. प्रत्येक वर्णपटातून त्याची स्वतःची सरासरी वजा करून त्याच्याच प्रमाणित विचलनाने भागा. याला एसएनव्ही म्हणतात, आणि कणांच्या आकाराचा बराचसा घोळ याने जातो. त्यानंतर सॅविट्स्की आणि गोले यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या पद्धतीने पहिलं विकलज, म्हणजे रेषेचा ठिकठिकाणचा उतार, काढा. ११ ते १५ बिंदूंची खिडकी आणि दुसऱ्या घाताची बहुपदी इथून सुरुवात करा. पायथॉनमधलं स्कायकिट-लर्न किंवा आर भाषेतलं प्रॉस्पेक्टर, दोन्ही फुकट आहेत.

पहिलं मॉडेल ‘किती टक्के कोंडा’ असं नको. पहिलं मॉडेल फक्त शुद्ध नमुन्यांचं करा: प्रमुख घटक विश्लेषण, म्हणजे पीसीए, चालवा (यात प्रत्येक वर्णपटाचा एक ठिपका होतो आणि शुद्धांच्या ठिपक्यांचा ढग बनतो) आणि नवा नमुना शुद्धांच्या ढगात बसतो का, की ढगापासून लांब पडतो, एवढंच मोजा. हे अंतर दोन आकड्यांनी सांगतात, होटेलिंगचा टी-वर्ग (ढगाच्या मध्यापासून किती दूर) आणि अवशेषाचा क्यू (मॉडेलला न उमगलेला भाग किती). भेसळ करणारा उद्या कोंडा सोडून चिंचोक्याचं पीठ घालेल. टक्के सांगणाऱ्या मॉडेलने चिंचोका पाहिलेलाच नसेल, पण ‘हे माझ्या ओळखीचं नाही’ असं शुद्धांचं मॉडेल सांगू शकेल. टक्क्यांसाठीचं पीएलएस (पार्शल लीस्ट स्क्वेअर्स) मॉडेल त्यानंतर, आणि दुय्यम म्हणून.

हळदीत एक अडचण आहे. हळद मुळातच स्टार्चने भरलेली; मानकात एकूण स्टार्चची कमाल मर्यादाच ६० टक्के आहे. तिथे पाच टक्के तांदळाचं पीठ नैसर्गिक फरकात लपून जातं. मिरचीत तेवढंच पीठ उठून दिसतं. त्यामुळे दोन्ही मसाल्यांना एकच उंबरठा लावू नका.

चाचणी प्रामाणिक कशी ठेवायची

एका लॉटची दहा वाचनं असतील आणि त्यातली आठ शिकवायला, दोन तपासायला घेतली, तर मॉडेल भेसळ ओळखत नाही, लॉट ओळखतं. पेपर फुटलेल्या परीक्षेतल्या ९९ टक्क्यांना जेवढी किंमत, तेवढीच या अचूकतेला. विभागणी लॉटप्रमाणे करा: एखादा लॉट तपासणीत गेला की त्याचं एकही वाचन शिकवण्यात नको. त्याहून बरं म्हणजे संच उन्हाळ्यात बांधायचा आणि तपासणी पावसाळ्यात आणलेल्या मालावर करायची.

ओळखीची मर्यादा काढायचा सोपा मार्ग असा: पूर्णपणे नव्या, शुद्ध लॉटांवर पीएलएस चालवा. उत्तर शून्य यायला हवं, पण येणार नाही. समजा त्या उत्तरांचं प्रमाणित विचलन १.५ टक्के आलं. त्याची तिप्पट ४.५. म्हणजे साडेचार टक्क्यांखालच्या कोणत्याही आकड्याला अर्थ नाही. हातातल्या यंत्रावर ५ टक्क्यांपेक्षा खाली नेमका निकाल देतो असं कुणी म्हणालं तर मी त्याच्याकडे पावसाळ्यातले आकडे मागेन.

उंबरठा ठरवताना आणखी एक हिशेब करा. समजा २०० लॉट आले, त्यात १० भेसळीचे. यंत्र भेसळीपैकी ९० टक्के पकडतं आणि शुद्धांपैकी ९५ टक्क्यांना नीट शुद्ध म्हणतं. ऐकायला उत्तम. पकडलेले ९, आणि १९० शुद्धांपैकी चुकून अडकलेले साधारण ९ ते १०. म्हणजे लाल दिवा लागलेल्या प्रत्येक दोन व्यापाऱ्यांपैकी एक निर्दोष. लाल दिव्यावरून माल परत पाठवू नका, तो फक्त पुढच्या तपासणीला पाठवा.

शिशासाठी एक्स-रे

१ किलो हळदीत १ ग्रॅम लेड क्रोमेट घातलं, म्हणजे फक्त ०.१ टक्का, तर काय होतं बघा. लेड क्रोमेटच्या वजनाचा सुमारे ६४ टक्के भाग शिसं असतं. म्हणजे किलोमागे ६४० मिलिग्रॅम शिसं. हळदीला परवानगी आहे १० मिलिग्रॅमची. चौसष्टपट जास्त, आणि एनआयआरच्या वक्ररेषेवर याचा मागमूस नाही. एनआयआरचा हिरवा दिवा दाखवून ‘आमची हळद शिसंमुक्त’ असं कुणी सांगत असेल तर तो अज्ञानी तरी आहे किंवा लबाड तरी.

इथे लागतो हातात धरायचा एक्स-रे फ्लुओरेसन्स विश्लेषक, एक्सआरएफ. तो मूलद्रव्यं ओळखतो, बंध नाही. पूड पातळ फिल्म लावलेल्या कपात ठासून भरायची आणि मिनिट-दीड मिनिट वाचन घ्यायचं. शिशाची एक रेषा १०.५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला येते, पण आर्सेनिकची रेषाही तिथेच पडते. म्हणून १२.६ जवळची शिशाची दुसरी रेषा दिसते का ते जरूर पाहा. शिशाबरोबर क्रोमियमही वाढलेलं असेल आणि वजनाने साधारण चारास एक असं प्रमाण असेल, तर लेड क्रोमेटचा संशय पक्का होतो. नुसतं शिसं वाढलं तर ते मातीतून किंवा दळण्याच्या यंत्रातूनही आलेलं असू शकतं. मिरचीत लोह आणि टायटॅनियम एकदम चढलेले दिसले तर वीट किंवा माती आठवा, आणि आम्लात न विरघळणाऱ्या राखेची चाचणी करून घ्या. मिरचीपुडीला तिची मर्यादा १.३ टक्के आहे.

बांगलादेशात अधिकाऱ्यांनी हेच यंत्र घेऊन घाऊक बाजारात जागच्या जागी तपासणी केली, दंड केले, लोकांना सांगितलं. तिथल्या बाजारातल्या हळदीच्या नमुन्यांत शिसं सापडण्याचं प्रमाण २०१९ मध्ये ४७ टक्के होतं, २०२१ मध्ये ते शून्यावर आलं.

एक्सआरएफ क्ष-किरणं सोडतं. भारतात ते अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांखाली येतं, आणि मंडळाचं कार्यालय इथेच मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. कप हातात धरून, समोर माणूस बसवून वाचन घेणं बंद करा. झाकण असलेल्या स्टँडमध्येच घ्या. बहुतेक छोट्या उत्पादकांनी हे यंत्र विकत न घेता नमुना बाहेरून तपासून घेणंच शहाणपणाचं.

रंगांसाठी रामन आणि परीक्षानळी

छोटा रामन स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे लेझरचा विखुरलेला प्रकाश बघणारं यंत्र, हळदीतलं लेड क्रोमेट ८४० प्रति सेंटिमीटरच्या आसपासच्या जोरदार रेषेवरून दाखवू शकतो. पण ७८५ नॅनोमीटरच्या लेझरखाली हळद स्वतःच चमकते आणि त्या उजेडात रेषा बुडतात. १०६४ चा लेझर यात बरा, मात्र महाग. गडद मिरचीपूड लेझरखाली जळतेही, शक्ती कमी ठेवून सुरू करा. डोळ्यांना चष्मा हवाच.

सुदानचं काय ते प्रयोगशाळेवर सोडा. युरोपीय संघाने २००३ मध्ये मिरचीच्या आयातीवर सुदान १ च्या तपासणीची सक्ती केली. २००५ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये भारतातून गेलेल्या मिरचीपुडीतला हा रंग वूस्टर सॉसमार्गे शेकडो उत्पादनांत पोचल्याचं उघड झालं आणि दुकानांतून माल काढावा लागला. तिथे प्रश्न दशलक्षातल्या काही भागांचा होता. हातातलं कोणतंही यंत्र तिथपर्यंत भरवशाने पोचत नाही.

स्वस्तातल्या ओल्या चाचण्या मात्र विसरू नका. मिरचीपूड पाण्याच्या ग्लासवर भुरभुरली आणि रंगाच्या रेघा खाली उतरल्या तर पाण्यात विरघळणारा रंग आहे. सुदान पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे रेघा नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नका. हळदीत हायड्रोक्लोरिक आम्ल टाकल्यावर गुलाबी-जांभळा रंग आला तर घाबरण्याआधी पाणी घाला. पाण्याने रंग गेला तर हळद ठीक, टिकला तर मेटॅनिल यलो. आयोडीनची निळ्या रंगाची चाचणी हळदीवर करण्यात अर्थ नाही, स्टार्च तिच्यात जन्मजातच आहे. मिरचीवर ती चालते.

तयार मसाला तपासू नका

मालवणी किंवा ईस्ट इंडियन (मुंबईतल्या मूळ ख्रिस्ती समाजाच्या) बॉटल मसाल्यात वीसेक जिन्नस, तेही भाजलेले, तेलावर परतलेले. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. अशा मिश्रणाचा ‘शुद्ध’ ढगच तयार होत नाही. तपासणी सुट्या जिन्नसांची, डंकावर जाण्याआधी. आणि डंकावरून आलेल्या पुडीत प्रयोगशाळेला पाव-अर्धा टक्का परका माल दिसला तर तो आधीच्या गिऱ्हाइकाचा उरलेला मसाला असू शकतो. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांना विकत असाल तर मात्र तेवढ्यानेही फरक पडतो: २०१४-१५ मध्ये अमेरिकेत जिऱ्याच्या पुडीत न सांगितलेला शेंगदाणा निघाल्याने माल परत मागवावा लागला होता.

संशय आला, पुढे काय

तोच नमुना नव्याने चाळून, सुकवून पुन्हा वाचा. मग त्याच पोत्यातून दुसरा नमुना काढा. दोन्ही वेळा लाल आला तर नमुन्याचे तीन भाग करा: एक तुमच्याकडे सीलबंद, एक एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला, एक व्यापाऱ्याला. प्रयोगशाळेला ‘भेसळ तपासा’ असं मोघम लिहू नका. शिसं आयसीपी-एमएसने, सुदान १ ते ४ एलसीने (ही दोन्ही प्रयोगशाळेतली यंत्रं), एकूण राख आणि आम्लात न विरघळणारी राख, मिरचीत नॉन-व्होलाटाइल ईथर एक्स्ट्रॅक्ट (ईथरमध्ये उतरणारं, न उडणारं तेल-सत्त्व), ज्याचं मानक किमान १२ टक्के आहे, अशी नावं घालून मागणी करा. चोथा मिसळला असेल तर हा शेवटचा आकडा खाली येतो.

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ४० प्रमाणे ग्राहकही फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो, पण खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. घरी आणून आठवड्याने सुचलं तर ही वाट बंद. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचं मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, तक्रार तिथे देता येते. हातातल्या यंत्राचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून उभा राहत नाही, आणि तो दुकानाच्या नावासकट व्हॉट्सॲपवर फिरवला तर अडचणीत तुम्ही याल.

वहीत प्रत्येक नमुन्यापुढे तारीख, लॉट, जात, कुठून आला, चाळणी, त्या दिवसाची आर्द्रता, सीलबंद बाटलीचं सकाळचं वाचन आणि फाइलचं नाव लिहा. जानेवारी ते एप्रिलमध्ये नवी मिरची आणि मार्चपासून नवी हळद बाजारात आली की प्रत्येक जातीचे चार-पाच नवे लॉट संदर्भ संचात घाला आणि मॉडेल पुन्हा बांधा. गेल्या वर्षीचं मॉडेल पुसू नका. नव्या पिकावर दोन्ही चालवून पाहा, आणि दोघांचा निकाल जिथे जुळत नाही ते लॉट आधी प्रयोगशाळेला पाठवा.